शेरू दोन दिवस जेवला नाही, थांबू की डॉक्टरकडे नेऊ?

आलेलं पत्र थोडक्यात असं: "नमस्कार काकू, आमचा शेरू चार वर्षांचा, गावठीच आहे, लोणंदजवळ आमची वस्ती आहे. परवापासून जेवत नाहीये, भाकरी कुस्करून दिली तरी हुंगतो आणि निघून जातो. पाणी पितो पण दिवसभर मामंजींच्या बाजेखाली पडून असतो. कानामागं चार-पाच गोचीड होते ते काढले. मामंजी म्हणतात कुत्रं गवत खाऊन आपोआप बरं होतं, दीर म्हणतो अर्धी कॉम्बिफ्लाम दे. मागच्या वर्षी त्याच्या पायाला तार लागली तेव्हा मी रडत रडत डॉक्टरकडे नेलं होतं आणि डॉक्टर म्हणाले ताई नुसतं खरचटलंय, तेव्हापासून घरात सगळे चिडवतात. आता परत नेलं आणि काहीच नसलं तर? कधी न्यायचं ते ओळखायचं कसं?"

ताई, तुमचं पत्र वाचलं त्याच रात्री तुम्हाला दोन ओळी पाठवल्या होत्या की गोळी अजिबात देऊ नका आणि सकाळी उजाडलं की शेरूला घेऊन निघा. इथं सविस्तर लिहितेय कारण हाच प्रश्न दर आठवड्याला कुणा ना कुणाचा येतोच. मी काही डॉक्टर नाही, पंचवीस वर्षं घरात कुत्री आहेत आणि त्यांच्यापायी दवाखान्याच्या बाकड्यावर खूप वेळ बसलेय, त्यातनं जे कळलं ते सांगते.

आधी ते चिडवण्याचं बघू. तार लागली म्हणून नेलं, डॉक्टरांनी बघितलं, काही नाही म्हणाले, म्हणजे तुम्ही बरोबरच केलं ना. लहान लेकराला ताप आला की आपण नेतो आणि डॉक्टर म्हणतात साधा व्हायरल आहे, तेव्हा कुणी हसत नाही. कुत्र्याला सांगता येत नाही कुठं दुखतंय, उलट दुखणं लपवायची त्यांची सवयच असते, दुखत असलं तरी मालक आला की शेपटी हलवतात, त्यामुळं आपल्याला कळेपर्यंत बऱ्याचदा दुखणं चांगलं दोन-तीन दिवसांचं झालेलं असतं. तेव्हा दहा वेळा उगाच गेलात तरी चालेल, पण न्यायला हवं होतं ती एक वेळ चुकायला नको.

आता शेरूचं. गावठी कुत्रं, चार वर्षांचं, एरवी ताटाखालचं पण न सोडणारं, ते दोन दिवस तोंडाला काही लावत नाही, पडून राहतं आणि कानामागं गोचीड, हे तीन एकत्र दिसलं की माझ्या डोक्यात पहिला येतो तो गोचीड ताप. गोचीड रक्त पितो आणि पिता पिता रक्तात जंतू सोडतो, एर्लिकिया म्हणा बबेसिया म्हणा, आपल्याकडं दोन्ही भरपूर आहेत. तुम्ही गोचीड काढले ते चांगलं केलं पण जंतू आत गेले असतील तर गोचीड काढून ताप जात नाही. एर्लिकियात रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी होतात, मग कधी नाकातनं रक्त येतं, कधी पोटावर लाल-जांभळे ठिपके दिसतात. बबेसियात रक्तातल्या लाल पेशी फुटतात, कुत्रं पांढरं पडत जातं आणि लघवी गडद होते, काळ्या चहासारखी. तशी लघवी दिसली तर सकाळची सुद्धा वाट बघायची नाही. हे सगळं बाहेरनं बघून नक्की सांगता येत नाही, रक्त तपासावंच लागतं, म्हणून जायचं.

जाण्याआधी घरी तीन गोष्टी बघता येतात आणि ह्या प्रत्येक कुत्रेवाल्याला यायलाच हव्यात.

पहिली हिरड्या. वरचा ओठ हलकेच उचलायचा, सुळ्याच्या वरची हिरडी बघायची, ती गुलाबी असायला हवी, आपल्या नखाखालच्या रंगासारखी. अंगठ्यानं दाबून सोडली की तिथं पांढरं होतं आणि 'एक, दोन' म्हणेपर्यंत परत गुलाबी झालं पाहिजे. त्याला वेळ लागत असेल, किंवा मुळातच हिरडी पांढरट, राखाडी, निळसर किंवा हळदीसारखी पिवळी दिसत असेल तर फोन करत करतच गाडी काढायची. बऱ्याच गावठी कुत्र्यांच्या हिरड्या काळ्याच असतात, तिथं काही कळत नाही, मग डोळ्याची खालची पापणी थोडी खाली ओढून आतला रंग बघायचा. आणि हे कुत्रं ठणठणीत असताना एकदा बघून ठेवा, नाहीतर आजारपणात बघून त्याचा नेहमीचा रंग कुठला हेच आठवत नाही. पिवळेपणा दिसला, त्यात पावसाळा आणि घरात उंदीर असतील तर लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतनं पसरणारा ताप, असू शकतो, तो माणसांनाही होतो, म्हणून अशा कुत्र्याची लघवी उघड्या हातानं पुसू नका.

दुसरी ताप. नाक कोरडं म्हणजे ताप, कान गरम म्हणजे ताप, हे आपण सगळेच म्हणतो पण ते खरं धरू नका, उन्हात झोपून उठलेल्या चांगल्या कुत्र्याचं पण नाक कोरडंच असतं. मेडिकलमधनं साधा डिजिटल थर्मामीटर आणा, त्यावर मार्करनं शेरू लिहा म्हणजे घरात कुणी चुकून तोंडात धरणार नाही. टोकाला खोबरेल तेल लावून शेपटीखाली, शीच्या जागी, इंचभर आत घालायचा, एकानं डोकं धरून लाड करत राहायचं. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट म्हणजे नॉर्मल. १०३ च्या वर ताप, १०४ च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि ९९ च्या खाली असलं की लोक म्हणतात चला ताप उतरला, पण आजारी कुत्रं थंड पडणं हे तापापेक्षा जास्त घाबरण्यासारखं आहे.

तिसरी श्वास. झोपलेला असताना छाती वर-खाली झाली की एक, अर्धा मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायची. मिनिटाला ३० च्या आत असायला हवा. गाढ झोपेत सुद्धा ३० च्या वर सारखा जात असेल, किंवा मान लांब करून, कोपरं बाहेर काढून, पोट आत ओढत श्वास घेत असेल तर त्याला झोपायला लावू नका, उचलून दाबू नका, तसाच गाडीत घ्या.

हे मोजायचं काम मामंजींना द्या. मनापासून सांगतेय. शेरू त्यांच्याच बाजेखाली झोपतो ना, म्हणजे जीव त्यांचाही आहेच, त्यांना फक्त खर्चाची आणि धावपळीची सवय नाही. त्यांच्या काळात कुत्रं आजारी पडलं की रानात जाऊन पडायचं, त्यातलं जे परत यायचं ते गवत खाऊन बरं झालं असं वाटायचं. गवत कुत्री खातातच, बरी असली तरी खातात, ते औषध बिवषध नाही. पण वाद घालू नका, घड्याळ हातात द्या आणि म्हणा मामंजी तुम्हीच मोजून सांगा.

दिराच्या गोळीचं मात्र स्पष्ट सांगते. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, रक्ताची उलटी होते, किडनी जाते, पॅरासिटामॉल लिव्हरवर येतं. डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी पण तसलीच. त्यात गोचीड तापात प्लेटलेट आधीच कमी असतील तर पोटातलं रक्त थांबणारच नाही. आणि गोळीनं ताप तेवढ्यापुरता उतरला की आपण गाफील राहतो, दोन दिवस आणखी जातात. घरात मांजर असेल तर आणखी एक, मांजरासाठी पॅरासिटामॉलची एक गोळी सुद्धा जीवघेणी आहे. कुत्र्यांसाठी दुखण्याची वेगळी औषधं असतात, ती डॉक्टर वजनावर देतात.

आता तुमचा मूळ प्रश्न, कधी थांबायचं आणि कधी नाही. मोठं कुत्रं, एकदा उलटी झाली, नंतर शेपटी हलवत आलं, पाणी पोटात टिकतंय, तर पाच-सहा तास खायला न देता थोडं थोडं पाणी द्या, मग मऊ भात, बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा थोडं दही, एक दिवस बघा. एक-दोनदा पातळ शी झाली पण वागणं नेहमीसारखं, तरी तेच. थोडं लंगडतंय पण पाय टेकवतंय आणि जेवतंय, तर दोन दिवस बांधून ठेवा, पळू देऊ नका. पण उलट्या थांबत नाहीत, प्यायलेलं पाणी पण बाहेर येतंय, शीत किंवा उलटीत रक्त आहे, शी डांबरासारखी काळी आहे, तर थांबायचं नाही. जेवण एक दिवस सोडलं तर ठीक, दोन दिवस सोडलं की जायचं, आणि त्याबरोबर सुस्ती असेल तर पहिल्याच दिवशी.

पिल्लांना हा हिशोब लागूच नाही. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू सकाळी उलटी करतं, संध्याकाळपर्यंत जुलाब आणि त्याला तो एक विचित्र सडका रक्ताळ वास, हा बऱ्याचदा पार्वो, म्हणजे आतड्याचा व्हायरसचा आजार, असतो आणि तो रात्रीत पिल्लू नेऊ शकतो. त्याला उपाशी पण ठेवायचं नाही, घरी ओआरएस पाजत बसायचं नाही, सलाईन लागतं. पार्वोची लस दीड-दोन महिन्यांपासून सुरू करून चार महिने होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं देतात, पहिली एक दिली आणि झालं असं नसतं, बरीच पिल्लं त्या मधल्या डोसवरच चुकतात.

पाण्याबद्दल माझी एक गोष्ट सांगते, सांगताना अजून त्रास होतो. आमची चिमी आठ वर्षांची होती, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन केलेलं नव्हतं, म्हणजे आम्ही करू करू म्हणत राहिलो. मे महिना होता. तिचा स्टीलचा वाडगा मी दिवसातनं दोनदा भरायचे तो पाच-सहा वेळा भरायला लागला, मी म्हटलं उन्हाळा आहे. ती चाटून चाटून वाडगा कोरडा करायची आणि माझ्याकडं बघायची. रात्री लघवीला उठवायला लागली, पोट थोडं फुगलेलं वाटलं, मला वाटलं वय झालं, अंगानं सुटली. महिनाभरापूर्वी ती हीटवर, म्हणजे माजावर, येऊन गेली होती हे माझ्या लक्षातच आलं नाही. पाचव्या दिवशी उभी राहिना तेव्हा नेलं, गर्भाशयात पू झाला होता, त्याला पायोमेट्रा म्हणतात. गर्भाशयाचं तोंड बंद असलं की बाहेर काहीच गळत नाही, त्यामुळं सुरुवातीला बाहेरून कळायला बऱ्याचदा हे पाणी पिणंच काय ते असतं. त्या रात्रीच ऑपरेशन झालं पण ती शुद्धीवर आली नाही. तो वाडगा मी अजून ठेवलाय. तेव्हा मादी असेल, ऑपरेशन झालेलं नसेल, हीट होऊन महिना-दोन महिने झालेत आणि ती एकाएकी खूप पाणी प्यायला लागली, जेवण सोडलं, तर कुणाचं काही ऐकू नका, त्याच दिवशी सोनोग्राफी करा. आणि ज्यांना पिल्लं नकोत त्यांनी ऑपरेशन आधीच करून घ्या, मग गर्भाशयच राहत नाही.

घड्याळ लावून पळायच्या आणखी काही वेळा. मोठ्या खोल छातीचं कुत्रं, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन वगैरे, जेवणानंतर अस्वस्थ होतंय, ओकायला बघतंय पण बाहेर नुसता फेस येतोय आणि पोट ढोलासारखं ताणलंय, तर पोटाला पीळ बसलेला असू शकतो, काही तासांचाच खेळ असतो तो. नर लघवीला पाय वर करून उभा राहतोय, जोर लावतोय आणि थेंबही येत नाही, तिथं पण तेच. फिट आली तर कांदा, चप्पल नाकाला लावू नका आणि तोंडात हात तर घालूच नका, आजूबाजूचं सामान बाजूला करा, वेळ बघा, फोनवर व्हिडिओ काढा. पाच मिनिटांच्या वर चालली किंवा एका दिवसात दुसरी आली तर लगेच. उन्हात धापा टाकत कोसळलं तर सावलीत नेऊन साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि तसंच ओलं दवाखान्यात न्या, पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हे फार पटकन होतं. उंदराचं औषध खाल्लं असेल तर 'बघा काही झालं नाही' म्हणून बसू नका, काही औषधांत रक्त गोठायचं थांबतं आणि ते तीन-चार दिवसांनी दिसतं, तोवर कुत्रं अगदी छान असतं. औषधाचं पाकीट बरोबर न्यायचं. तुमच्याकडं ऊस आहे म्हणून सांगते, तोंड किंवा पाय एकाएकी सुजला आणि दोन बारीक भोकं दिसली तर घोणस धरून चला. चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, चालवू नका, उचलून न्या, माणसांना देतात तेच सापाच्या विषावरचं इंजेक्शन कुत्र्यांना चालतं, फक्त डॉक्टरांकडं आहे का ते निघतानाच फोनवर विचारा.

जखमांचं थोडं. तारेनं खरचटलं तर साध्या पाण्यानं धुवून स्वच्छ ठेवलं की बास, तुमच्या त्या वेळेसारखं. रक्त येत असेल तर स्वच्छ फडकं दाबून पाच-दहा मिनिटं तसंच धरायचं, दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. पण दुसऱ्या कुत्र्यानं चावलेली जखम वरनं बारीक दोन भोकं दिसली तरी आत कातडी-मांस फाटलेलं असतं, ती दोन दिवसांनी पिकते, म्हणून ती दाखवायचीच. गाडीचा धक्का बसला आणि कुत्रं उठून चालायला लागलं तरी न्यायचं, आत रक्तस्राव असला तर तो तासाभरानं कळतो, हिरड्या बघत राहायचं. खोल जखमेत हळद भरू नका, डॉक्टरांना आतलं काही दिसत नाही आणि सगळं परत धुवावं लागतं. पावसाळ्यात जखमेत किडे पडतात, त्यावर लोक फिनाईल नाहीतर रॉकेल ओततात, बिचाऱ्याचं मांस भाजून निघतं आणि ते चाटून विष पोटात जातं. डॉक्टर किडे एकेक करून काढतात, स्प्रे देतात, आठवड्याभरात जखम भरायला लागते. दुखत असलेलं आपलंच कुत्रं पण चावतं, त्यात त्याचा दोष नाही, म्हणून उचलण्याआधी मऊ पट्टीनं तोंड बांधा, पण उलटी होत असेल किंवा श्वास लागला असेल तर बांधू नका. पाठीला मार असेल तर गोधडीत किंवा गोणपाटावर सरकवून दोघांनी दोन्हीकडून धरून न्यायचं.

आणि हे पुढचं घरात सगळ्यांना वाचून दाखवा. कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाही, आवाज बदललाय, आणि घरचे म्हणतात घशात हाड अडकलंय. हाड असेलही, पण रेबीजमध्ये अगदी असंच दिसतं, प्रत्येक रेबीजचं कुत्रं अंगावर धावून येत नाही, काही शांत होऊन कोपऱ्यात बसतात. अशा वेळी हाड बघायला तोंडात हात घालायचा नाही, कितीही लाडका असला तरी नाही, खोलीत बंद करून डॉक्टरांना फोन करायचा. लाळ जखमेला लागली किंवा चावला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. रेबीज एकदा दिसायला लागला की उपाय उरत नाही. शेरूची दरवर्षीची रेबीजची लस झालीय का ते कार्ड काढून बघा.

कुठं न्यायचं हे पण विचारलंय बऱ्याच जणांनी. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्री बघतात, ते फक्त गाई-म्हशींचं नसतं. रक्त तपासणी, एक्स-रे लागणार असेल तर तुम्हाला शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय जवळ आहे, तिथला दवाखाना खासगीपेक्षा स्वस्त पडतो. मुंबईत परळला, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर इथं पण अशी कॉलेजं आहेत. जाताना एका कागदावर लिहून न्या, शेवटचं नीट कधी जेवला, लघवीचा रंग, शी कशी, काय औषध दिलं, लस कधीची. तिथं गेल्यावर घाबरून आपण अर्धं विसरतो. कुणी गोळी दिली असेल तर तेही सांगा, लपवू नका, डॉक्टर रागावले तर रागावू देत.

हे लिहून होईतो तुमचा मेल आला. शेरूला १०४.२ ताप होता, प्लेटलेट ४२ हजार, एरवी त्या दीड-दोन लाखांच्या वर असायला हव्यात, आणि डॉक्टरांनी एर्लिकियाचं औषध सुरू केलं. वाचून हायसं वाटलं. मामंजी मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते हे वाचून तर फारच.

आता चौथ्या-पाचव्या दिवशी तो भाकरी मागायला लागेल आणि घरात कुणीतरी म्हणेल बरा झाला, आता कशाला गोळ्या. एर्लिकियाच्या त्या औषधाचा, डॉक्सीसायक्लिनचा, कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो, तो पूर्ण करा, मध्येच सोडला तर ताप परत येतो. गोळी उपाशी पोटी देऊ नका, जेवणाबरोबर द्या आणि वरनं पाणी पाजा, नाहीतर घशात अडकून जखम होते. डॉक्टर सांगतील तेव्हा परत रक्त तपासा. आणि गोचीड कुत्र्याच्या अंगापेक्षा जास्त भिंतीच्या फटीत, बाजेच्या सुतळीत, गोठ्याच्या कोपऱ्यात असतात, अंडी तिथंच घालतात. तर ती बाज उन्हात टाका, सुतळी झटका, फटी बुजवा, आणि अंगावर लावायचं गोचीडाचं औषध डॉक्टरांना विचारूनच लावा, गुरांसाठी आणलेलं शेरूवर ओतू नका. मामंजींचे श्वासाचे आकडे पाठवत राहा.